रेपो उतरला, मग हप्ता का नाही उतरला?

रेपो दर कमी झाल्याची बातमी लागली, की आमचे बाबा विचारायचे, "मग आपला हप्ता का नाही उतरला?" त्यातून शेजारच्या काकांना त्याच बँकेने आमच्यापेक्षा स्वस्तात नवं गृहकर्ज दिलेलं. बाबांना ते फार लागलं होतं. आज त्याच प्रश्नाचा इतिहास.

ऑक्टोबर १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २ लाखांवरच्या कर्जांचे दर ठरवायची मोकळीक बँकांना दिली. त्याच सुमारास नव्या खासगी बँकाही आल्या. वाटलं, आता स्पर्धेमुळे व्याज उतरेल. उतरलंही, पण कोणासाठी? नव्या गिऱ्हाइकासाठी! जुना कर्जदार कुठे जाणार? बँक बदलायची तर मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड.

२००८ च्या मंदीत रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांत रेपो ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला. फेब्रुवारी २००९ मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षासाठी ८ टक्क्यांचं गृहकर्ज काढलं. मग इतर बँकांनाही तशा योजना आणाव्या लागल्या. म्हणजे स्पर्धेने स्वस्त पैसा लोकांपर्यंत पोचवला, बरोबर? हो, पण सुरुवातीचा सवलतीचा दर संपल्यावर लोकांना हप्ता झेपेल का, ही धास्ती होतीच. म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी बँकांनी बाजूला ठेवायची रक्कम ०.४ वरून २ टक्के केली.

जुन्या कर्जदारांचं काय? मला विचाराल तर खरी कलाटणी जून २०१२ ची. बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा तो दंड बंद झाला. आता दुसरी बँक बाबांनाही बोलावू शकत होती!

तरीही २०१९ मध्ये फेब्रुवारी ते ऑगस्ट रेपो १.१० टक्क्यांनी घटला, आणि कर्जाचे दर मात्र रेंगाळले. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बँकांना सक्तीचं झालं. याची दुसरी बाजू मे २०२२ नंतर दिसली. रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि हप्ते किंवा मुदतीही भराभर वाढल्या.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: स्पर्धा त्याच्याचसाठी होते, जो सोडून जाऊ शकतो. घरी कर्ज असेल तर आजच बघा, ते कुठल्या दराला जोडलंय. भेटू पुढच्या भागात!