शासकीय रेखाकला परीक्षा

शासकीय रेखाकला परीक्षा ही महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी चित्रकलेची परीक्षा होय. तिचे एलिमेंटरी व इंटरमिजिएट असे दोन टप्पे असून शाळांमधून त्या ‘ग्रेड परीक्षा’ या नावाने ओळखल्या जातात. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना अ, ब किंवा क श्रेणी मिळते. राज्यातील माध्यमिक शाळांत चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण बव्हंशी या परीक्षांच्या आधारानेच टिकून राहिले आहे.

पार्श्वभूमी

मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था १८५७ मध्ये सुरू झाली. तेथे १८७९ मध्ये रेखाटनशिक्षण या विषयाचा समावेश झाला आणि १८९३ मध्ये चित्रकला-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. या शिक्षणावर लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा ठसा होता. हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्या पुढाकाराने घडलेल्या त्या पद्धतीत रेषा, भौमितिक आकृत्या, नमुन्याबरहुकूम नक्कल असे टप्प्याटप्प्याने पुढे जावे लागे. चित्रकार घडवण्यापेक्षा उद्योगधंद्यांना नेमके रेखाटन करणारे हात मिळवून देण्यावर तिचा भर होता. आजच्या परीक्षेत भूमिती व संकल्पचित्र यांना असलेले स्थान पाहता हा वारसा सहज ध्यानी येतो. राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले.

विषय व अध्यापन

एलिमेंटरीसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी रंगातील स्थिरचित्र येते व भूमितीत घनभूमितीची भर पडते.

यांपैकी वस्तुचित्र हा सर्वांचा पाया मानला जातो. समोर मांडलेला तांब्या किंवा कपबशी पाहून काढणे वरकरणी सोपे वाटते. परंतु नवशिका विद्यार्थी डोळ्यांना दिसते ते न काढता मनाला ठाऊक असलेले काढतो. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला माहीत असल्याने तो पूर्ण वर्तुळ काढतो आणि बूड मात्र सरळ रेषेने संपवतो. प्रत्यक्षात तोंड दृष्टिरेषेच्या पातळीवर असेल तर त्याची कड सरळ रेषेसारखी दिसते. भांडे जसजसे खाली ठेवावे, तसतसे तिचे लंबवर्तुळ रुंदावत जाते. आणि बूड दृष्टिरेषेपासून अधिक दूर असल्याने त्याची वक्रता तोंडाच्या वक्रतेहून जास्त असते. हा नियम फळ्यावर सांगून विद्यार्थ्याच्या हाती उतरत नाही. एकच भांडे जमिनीवर, बाकावर व डोळ्यांसमोर धरून तीन वेळा काढून घेतले, की तो आपोआप उमगतो. प्रमाण पाहण्यासाठी हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेण्याची सवयही याच वर्गात लागते.

संकल्पचित्रात दिलेल्या आकारात अलंकरण करावयाचे असते. फुलापानांचे किंवा भौमितिक आकार, त्यांची पुनरावृत्ती, समतोल आणि उष्ण वा शीत रंगसंगती यांचा येथे विचार होतो. रांगोळी, पैठणीचा पदर, दारावरचे तोरण ही उदाहरणे विद्यार्थ्याच्या घरातच असतात; ती सोडून छापील नमुने गिरवण्याकडे असलेला कल अनाकलनीय आहे. अक्षरलेखनात अक्षरांचे प्रमाण व त्यांमधील अंतर यांना महत्त्व असते.

स्मरणचित्राविषयी सर्वाधिक मतभेद आढळतात. आठवडी बाजार, बसथांबा, पावसाळ्यातील रस्ता अशा प्रसंगांतून निरीक्षणशक्ती व कल्पकता तपासणे हा त्याचा मूळ हेतू होय. मात्र ठरावीक मानवाकृती व तयार मांडणी पाठ करवून घेण्याची प्रथा अनेक वर्गांत रूढ आहे. पाठ केलेली तीच झाडे व त्याच पाठमोऱ्या स्त्रिया प्रत्येक कागदावर आढळू लागल्या, तर स्मरण कशाचे, हा प्रश्न उरतोच.

गुण व प्रवेश

इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अतिरिक्त गुण देण्याची तरतूद आहे: अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ व क श्रेणीस ३. यामुळे पालकांचे या विषयाकडे लक्ष वळले, हे मान्य करावे लागेल. त्याचबरोबर केवळ गुणांपुरती तयारी करून देणाऱ्या अल्पमुदतीच्या वर्गांनाही वाव मिळाला. दृश्यकला पदवीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेतही वस्तुचित्र, संकल्पचित्र व स्मरणचित्र यांची प्रात्यक्षिके असतात. त्यामुळे लहान गावातील विद्यार्थ्याला ग्रेड परीक्षेची तयारी हाच कलामहाविद्यालयाचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

शिक्षकांची उपलब्धता

कलाशिक्षक पदविका (ए.टी.डी.) धारण करणारे शिक्षक हा विषय शिकवतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असे सुचवले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत मात्र सहावी ते आठवीसाठी पटसंख्या १०० हून अधिक असलेल्या शाळेतच, तेही अंशकालीन, कलानिदेशकाची तरतूद आहे. त्याहून लहान शाळांत चित्रकलेची तासिका बहुधा भाषा किंवा गणिताच्या शिक्षकाकडे जाते.