तणावा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उपोषणाचा मंडप उभारायचा तर आधी दोर ताणावे लागतात. मोर्चे आणि उपोषणं या चौकाला नवी नाहीत. 9 ऑगस्ट 2016 रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा इथूनच निघाला. तंबूच्या अशा दोराला जुन्या मराठीत ‘तणावा’ म्हणत. मूळ अरबी-फारसी ‘तनाब’.

‘ताण’ मात्र संस्कृत ‘तन्’ धातूचा, म्हणजे पसरणं, ओढणं. तंतू, तंत्र, वितान, गवयाची तान, मागावरचा ताणा ही सगळी त्याची भावंडं. लॅटिनमार्गे आलेलं ‘टेन्शन’ही याच कुळातलं, तेव्हा ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्याला उगाच हिणवू नये. आणि आजचा ‘तणाव’ कुणाचा, दोराचा की धातूचा? माझ्या मते दोघांचाही. ध्वनी जुळला, अर्थ जुळला, मग वंशावळ कोण बघतो! ‘तणावपूर्ण शांतता’ तर आम्हा पत्रकारांची लाडकी.

माणसाच्या सोसण्याला ‘ताण’ म्हणून शास्त्रीय वजन अलीकडे आलं. संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचं टिपण छापलं: आघात कसलाही असो, शरीर आधी बिथरतं, मग तग धरतं, शेवटी हात टेकतं. उपोषणातही क्रम फारसा वेगळा नसतो. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात सरतो, मग चरबी जळते. उपोषण लांबलं की स्नायूही झिजू लागतात. ‘प्रकृती खालावली’ हे छापून येतं तोवर डॉक्टर रक्तदाब, साखर आणि लघवीतले कीटोन तपासू लागलेले असतात.