पळसनाथाच्या कट्ट्यावरून मागे

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. तुम्ही होडीतून उतरता, घोटाभर गाळ तुडवत पळसनाथाच्या कट्ट्यावर येऊन बसता. उथळ पाण्यात रोहित पक्षी माना उलट्या घालून चरताहेत. त्यांच्या पायांकडे बघा. पार बोटांपर्यंत खवले आहेत. आता हात टेका खालच्या काळ्या कातळावर. हा कातळ लाव्हा होऊन वाहत होता त्या काळापर्यंत आपल्याला मागे जायचंय.

आधी धरण नाहीसं होतं. भीमा तिच्या पात्रात परतते, चुली धुमसतात, अंगणात कोंबड्या फिरतात. थांबू नका. देऊळ जातं, माणूस जातो, भीमाही जाते.

सहा कोटी साठ लाख वर्षं. गंधकानं घसा जळतो. इथं पाय ठेवायला जागा नाही. थोडं आणखी मागे आणि पूर्वेला, चंद्रपूरच्या डोंगरगावाकडे सरका. तिथं इसिसॉरस नावाचा डायनासोर झाडं ओरबाडतोय. त्याची हाडं १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी जगापुढे मांडली. त्याच्याच गोतावळ्यातली एक मादी आजच्या धार जिल्ह्यात अंडी घालतेय. त्यांतलं एक मागे ढकललं जातं आणि पुढच्या अंड्याच्या पोटात अडकतं. अंड्यात अंडं! २०२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी ते जाहीर करेपर्यंत असा प्रकार फक्त पक्ष्यांत माहीत होता. अंगणातल्या कोंबडीच्या बाबतीतही तो कधीमधी घडतो.

नर्मदेकाठी राजासॉरस दोन पायांवर चालत येतो. पायाला पुढे तीन बोटं, आत पोकळ हाडं. त्याच्या दूरच्या, लहानखुऱ्या, पिसं असलेल्या भाऊबंदांतून पक्षी केव्हाच निघालेत. या काळात ते उडतही आहेत.

शाळेत आपण पक्षी आणि सरपटणारे प्राणी असे दोन वर्ग शिकतो. पक्ष्यांचा वेगळा वर्ग लिनियसनं १७३५ मध्ये मांडला, दिसण्यावरून आणि अंगरचनेवरून. पण वंश पाहिला तर कृष्णेतली मगर पालीपेक्षा रोहिताच्या जवळची आहे. मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज पालीची वाट वेगळी झाल्यानंतरचा. मग पाल आणि मगर एका घरात, पक्षी तेवढा बाहेर, हे कोणत्या न्यायानं? एक तर मगरीलाही बाहेर काढा, नाही तर पक्ष्यांना आत घ्या. मी त्यांना आत घेतो, डायनासोरांच्या ओळीत.