पीठ तीन दिवसांचं

आपल्या दिगंबर घरांत पिठाला मुदत असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. लग्न होऊन आलेल्या मुलीला हे पहिल्या आठवड्यातच कळतं. ‘का’ म्हणून विचारायची सोय फारशी नसते. पण पिठाच्या डब्यात रोज हात घालणारीला कारण सांगावं लागत नाही. मृग लागला की पीठ बोटांना ओलसर लागतं, चार दिवसांत चाळणीवर गुठळ्या राहतात, त्यात बारीक जाळी दिसते. माघात तेच पीठ आठवडाभर कोरडं असतं. तीन, पाच, सात या आकड्यांत तीन ऋतूंची हवा बसवलेली आहे. श्रावकाचार सांगणारे बहुतेक पुरुष होते हे खरं, पण हे पाहिलं स्वयंपाकघरातल्या बायकांनीच असणार, असं मला ठामपणे वाटतं. नियम टिकला, पाहणारीचं नाव राहिलं नाही.

बाहेरगावच्या लोकांना जैन म्हटलं की दुकान आठवतं. चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या पट्ट्यात आपली माणसं पिढ्यान्पिढ्या नांगर धरणारी. आचार्य शांतिसागर महाराज दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या भोजचे, शेतकऱ्याच्याच घरातले. आणि शेती म्हटली की प्रश्न आलाच. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी माणसाला सहा कर्मं शिकवली, त्यात कृषी आहे. उलट श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदाही येतो. मग तडजोड निघाली ती ‘उद्योगी हिंसा’ या शब्दात: पोटासाठी करावी लागते ती, मुद्दाम न केलेली. म्हणजे नांगराखाली काय येतं ते गड्यांनी पाहायचं नाही असं नव्हे, पण त्याचा हिशेब घरात चुकता करायचा. तो कुणी करायचा हे सांगायला नकोच.

पंचांगातलं पावसाचं वाहन मला कधीच फार पटलं नाही. बेडूक, मोर, म्हैस, हत्ती ही नावं ऐकून वाटतं की कुणीतरी परड्यात उभं राहून पाहिलं असेल. तसं काही नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकी उरेल ते वाहन. गणित आहे ते, पाहणं नव्हे. पण पावसाची जी नावं बायकांच्या तोंडी होती ती पाहून ठेवलेली होती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा, कुठे याच्या उलटंही म्हणतात. कोण जास्त कोसळतं यावर वाद मिटायचा नाही! सहसा याच सुमाराला दशलक्षण येतं. उपास, ओलं लाकूड, न वाळणारं सोवळं, सगळं एकदम.

चातुर्मासाचं मूळही पाहण्यातच आहे. आषाढ शुद्ध चतुर्दशीला मुनी वर्षायोग धरतात, तो आश्विन अमावास्येपर्यंत, वीरनिर्वाणापर्यंत. पायाखाली हिरवं उगवलेलं, किडामुंगी बाहेर पडलेली, म्हणून चालणं थांबवायचं. बौद्धांच्या विनयपिटकात याबद्दलची गोष्ट आहे. लोक तक्रार करतात की हे भिक्षू पावसातही गवत तुडवत, जीव चिरडत फिरतात. इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पाखरंसुद्धा घरटं बांधून राहतात. म्हणजे त्या काळी गावातला साधा माणूस पाखराचं घरटं बघून साधूला बोल लावत होता.

उंबराचंही तसंच. हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी मद्य, मांस, मध यांच्याबरोबर पाच उदुंबर फळं वर्ज्य सांगितली, कारण त्यांत जीव असतात. आज शास्त्र सांगतं की या फळांच्या आतच बारीक गांधीलमाशीसारखे कीटक वाढतात, त्यांच्याशिवाय झाडाला बी धरत नाही. आपल्या भाषेत तर ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ हा वाक्प्रचारच आहे. केंबरं कुणी पाहिली नसती तर तो आला असता कुठून?

पण सगळ्यांत बारीक पाहणं पाण्याचं. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस रुंद असं जाड कापड दुहेरी करून पाणी गाळायचं. गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, पुढे वापरायचं तर पुन्हा गाळायचं. कापडावर जे राहतं ती जिवाणी. ती फेकायची नाही, मोरीत झटकायची नाही. गाळलेल्या पाण्याने कापड धुऊन ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची. नदीची नदीत, आडाची आडात. वरून ओतायची नाही, आपटून जीव मरतात; म्हणून बादलीच्या बुडाला कडी असे, बादली पाण्याला टेकली की दोर ओढून ती अलगद उलटी करायची. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही, हे ज्या बाईने ओळखलं तिने सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता.

ही साखळी तुटली ती नळाने. बेळगावात राकसकोपचं, पुढे हिडकलचं पाणी आलं आणि सोय झाली, ते मी नाकारत नाही. चार मैल डोक्यावर हंडा कुणाला हवाय? पण नळाला बांधलेल्या फडक्यातली जिवाणी सोडायची कुठे? ज्या धरणाचं पाणी ते दूर, नळीत परत जाता येत नाही. फडकं बांधणं राहिलं, सोडणं गेलं. पिठाचं तेच: गिरणीची तारीख पाकिटावर छापलेली असते, डबा उघडून वास घ्यायचं कारण उरलं नाही.

गावात मुनींचा चातुर्मास ठरला की मात्र आहाराला विहिरीचं पाणी लागतं. मग बुजत आलेली विहीर उपसतात, गाळ काढतात, रहाट बसवतात, आणि बुडाला कडी असलेली बादली कुणाच्या माळ्यावर आहे याची चौकशी सुरू होते. ती अलगद उलटी कशी करायची हे दाखवायला गल्लीतल्या म्हाताऱ्या आजींना हाताला धरून काठावर आणतात, आणि सुना बाजूला उभ्या राहून बघतात.