हवाईच्या आज्या, रेडिओ आणि मोबाइल

बचत गटाच्या बैठकीत हल्ली कुणाची तरी लेक मोबाइलवर इंग्रजी शिकताना दिसते. आजची गोष्ट उलटी आहे. इंग्रजीनं जी भाषा शाळेबाहेर काढली, तीच भाषा लोक आता मोबाइलवरून परत शिकतायत. ती म्हणजे हवाईयन, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांची भाषा. आज ही बेटं अमेरिकेचं एक राज्य आहेत, पण पूर्वी तिथे त्यांचे स्वतःचे राजे-राण्या होते.

१८२० साली बोस्टनच्या मिशनची माणसं तिथे पोचली. याच मिशनचे लोक १८१३ पासून आपल्या मुंबईतही होते, आणि नगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या फरारबाई त्यांच्यातल्याच. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली होती. तर, हवाईयनला तेव्हा लिपी नव्हती. मिशनऱ्यांनी इंग्रजी अक्षरांतली मोजकी अक्षरं घेतली आणि १८२२च्या जानेवारीत पहिला धडा छापला. राज्याचा कारभार काआहुमानू या विधवा राणीच्या हाती होता. ती स्वतः वाचायला शिकली आणि प्रजेलाही तिनं शिकायला लावलं. मग गावोगाव शाळा निघाल्या. १८३१च्या सुमारास त्यांत ५० हजारांच्या आसपास माणसं शिकत होती, आणि त्यांतली बहुतेक मोठी माणसं होती. आपल्याकडे प्रौढ साक्षरता वर्ग निघाले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

पुढे १८३४ ते १९४८ या काळात हवाईयनमध्ये शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली. त्यांची पानं लाखाच्या वर भरतात. जुन्या कथा, वंशावळी, राजकारणाची भांडणं, सगळं त्यांत आहे.

१८९३ साली गोऱ्या धनिकांनी लिलीउओकलानी राणीला गादीवरून काढलं. अमेरिकन सैनिक तेव्हा बंदरावर उतरलेले होते. अमेरिकेनं बेटं गिळू नयेत म्हणून १८९७ साली लोकांनी अर्ज केला. बायकांची वेगळी संघटना होती. एम्मा नावाही आणि अबिगेल कॅम्पबेल या दोघी बोटीनं दुसऱ्या बेटावर जाऊन सह्या गोळा करत होत्या. स्त्री-पुरुष मिळून २१ हजारांहून जास्त सह्या झाल्या. अर्ज हवाईयनमध्येही छापलेला होता, म्हणजे सही कशावर करतोय ते माणसाला स्वतः वाचता येत होतं. त्या वेळचा करार अडला. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेनं दुसरी वाट काढून बेटं घेतलीच.

त्याआधी १८९६ सालीच कायदा झाला होता की शाळा इंग्रजीतूनच चालतील. हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शाळेत शिक्षा होई. मग घरच्यांनीही मुलांशी ती भाषा बोलणं सोडलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, नीहाऊ हे छोटं बेट सोडलं तर, ही भाषा सहज बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्तमानपत्रं होती ना? ती वाचून शिकायचं! खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे ‘वडा’ आणि ‘वाडा’ यांत एका कान्याचा फरक. हवाईयनमध्ये ‘कोउ’ म्हणजे तुझं. ‘को’ म्हणून घशात आवाज क्षणभर अडवला आणि मग ‘उ’ म्हटलं की झालं माझं! जुन्या छपाईत ही अडवणूक आणि स्वरांची लांबी बहुतेक दाखवतच नसत, कारण वाचणाऱ्याला घरातच ती येत होती. घरातली भाषा गेली आणि कागद मुका झाला. मेरी कावेना पुकुई या बाईंनी सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासोबत १९५७ साली मोठा शब्दकोश काढला, त्यात या खुणा नीट आल्या. तरी बोलण्याचा हेल कोशातून कसा यायचा?

तो रेडिओनं दिला. १९७२ साली लॅरी किमुरा यांनी ‘का लेओ हवाई’, म्हणजे हवाईचा आवाज, हा कार्यक्रम सुरू केला. ज्यांची ती जन्मभाषा होती अशा म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं आणि हवाईयनमध्येच गप्पा मारायच्या. ऐकणारेही फोन करून बोलत. शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण झालं. १९७८ साली हवाईयनला इंग्रजीच्या बरोबरीनं राज्यभाषेचा मान मिळाला. १९८४ साली ‘पूनाना लेओ’, म्हणजे आवाजाचं घरटं, या नावाची पहिली बालवाडी उघडली. तिथे बोलायचं ते फक्त हवाईयन.

मोबाइल आला तो सगळ्यात शेवटी. ऑक्टोबर २०१८ मध्ये डुओलिंगो या अ‍ॅपवर हवाईयनचे धडे आले. आज निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन लोक बेटांबाहेर राहतात. दूरच्या शहरात कामावरून थकून आलेल्या बाईला रात्री दहा मिनिटं तरी आजीची भाषा कानावर पडते, ही माझ्या मते मोठी सोय आहे. पण अ‍ॅप तुम्हाला विचारत नाही की तू कुठल्या गावची, कुणाची लेक. ते विचारणारे, सांगणारे आवाज किमुरांच्या त्या फितींत आहेत. हिलो इथल्या विद्यापीठानं आता त्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत. ज्यांना धडे पुरत नाहीत ते तिकडे वळतात आणि आज्यांच्या गप्पा ऐकत बसतात.