विकल्प (माहितीपट महोत्सव)

विकल्प हा फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबईत स्वतंत्र माहितीपटकारांनी स्वतः भरवलेला माहितीपट व लघुपटांचा महोत्सव होय. शासकीय महोत्सवातील भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यास झालेल्या विरोधातून तो उभा राहिला. पुढे याच नावाने माहितीपटांच्या सार्वजनिक प्रदर्शनाचा उपक्रम चालू राहिला.

कायदेशीर पार्श्वभूमी

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ही अट व्यावसायिक चित्रपटाप्रमाणे काही मिनिटांच्या माहितीपटालाही लागू आहे. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' (१९६८) या छोट्या माहितीपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांना मंडळाने हरकत घेतली. अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनासंमत ठरवले. मात्र कलात्मक व अकलात्मक चित्रणात भेद करणारे निकष असावेत, असेही मत नोंदवले. केंद्र शासनाला या अटीतून सूट देण्याचा अधिकार असून चित्रपट महोत्सवांना अशी सूट देण्याचा प्रघात आहे.

उगम

फिल्म्स डिव्हिजनतर्फे १९९० पासून मुंबईत दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव ('मिफ') भरवला जात असे. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय प्रवेशिकांना प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. परदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. देशभरातील माहितीपटकारांनी बहिष्काराचा इशारा दिल्यावर ती मागे घेण्यात आली. तथापि निवडीच्या वेळी सत्तेवर व समाजव्यवस्थेवर टीका करणारे अनेक माहितीपट वगळले गेले. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा त्यांपैकी एक होता.

आयोजन

नाकारलेले व निषेध म्हणून माघारी घेतलेले चित्रपट प्रभादेवी येथील भूपेश गुप्ता भवनात दाखवण्यात आले. निर्मात्यांनीच आयोजनाची जबाबदारी उचलली. डिजिटल कॅमेरे व प्रक्षेपक सुलभ झाल्याने चित्रपटगृहाविना, साध्या सभागृहातही असे खेळ करणे शक्य झाले होते.

पुढील वाटचाल

'फायनल सोल्यूशन'ला मंडळाने २००४ मध्ये प्रमाणपत्र नाकारले; जनमताच्या रेट्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते देण्यात आले. मुंबईत जुहू येथील पृथ्वी हाउसमध्ये 'विकल्प'तर्फे माहितीपटांचे विनामूल्य खेळ होऊ लागले. तेथे चित्रपटानंतर दिग्दर्शक व प्रेक्षक यांच्यात चर्चा होत असे.

वस्तीत जाऊन माहितीपट दाखवण्याची परंपरा याला समांतर आहे. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून सुरू होतो. जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत दाखवण्यात आला. ज्या समाजाचे जीवन व शाहिरी त्यात चित्रित झाली होती, त्याच समाजातील माणसे तेथे प्रेक्षक होती.

महत्त्व

चित्रपटगृहे व दूरचित्रवाहिन्यांवर स्वतंत्र माहितीपटांना क्वचितच जागा मिळते. त्यामुळे महोत्सवाची निवड किंवा प्रमाणपत्र नाकारले गेल्यास ते प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच खुंटतो. शासकीय व्यासपीठ नसतानाही निर्माते व प्रेक्षक एकत्र येऊ शकतात, हे 'विकल्प'ने दाखवून दिले. जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्राची कायदेशीर अट मात्र कायम राहिली. त्यामुळे प्रमाणपत्राविना होणाऱ्या खेळांना अधिकृत संरक्षण मिळाले नाही.