कच्ची नोंद व तिचे वाचन : कुलाबा-अलिबाग चुंबकीय वेधांच्या निमित्ताने

गणकयंत्राच्या स्मृतीतील आशय यंत्रानजीकच्या भाषेतून जसाच्या तसा मांडून दाखविला, तर पाहणाऱ्यास अंकांच्या रांगाच दिसतात : डावीकडे पत्ता, त्यापुढे आशय. ०१०००००१ ही ६५ ही संख्या होय, रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर होय, की एखाद्या आज्ञेचा अंश होय, हे ती रांग सांगत नाही. जुनी दप्तरे चाळणाऱ्यास ही अडचण नवी नाही. रायगडच्या किनाऱ्यावर तिचे एक बोलके उदाहरण आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. टांगलेल्या चुंबकाच्या हालचालीबरोबर सरकणारे मोजपट्टीचे भाग दूरदर्शकातून वाचून वहीत टिपावयाचे, ही रीत. टिपलेला अंक म्हणजे चुंबकबल नव्हे. एका भागाचे मूल्य, आधाररेषा व तपमानाची दुरुस्ती हाती नसेल, तर तो मुकाच राहतो. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे वेध बिघडणार हे दिसताच १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. (अलिबागच्या किल्ल्याचेही नाव कुलाबाच, आणि १९८१ पर्यंत जिल्ह्याचेही, त्यामुळे अभ्यासकांचा गोंधळ होतो.) १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेतले गेले. पत्ता बदलूनही मालिका अखंड राहिली, ती या दूरदृष्टीमुळे. ना. आ. फ. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील सामग्री १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

या वह्यांची खरी कसोटी लागली ती १८५९ च्या महावादळाच्या संदर्भात. २ सप्टेंबर रोजी कुलाब्यास क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे २००३ मध्ये त्सुरुतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ वाचनांवरून दाखविले. त्या दिवशी वेध तासाभराहून पुष्कळ कमी अंतराने टिपले गेले होते. ताशी सरासरी काढली की हीच घट जवळपास निम्मी भासते. नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी केवळ सरासऱ्याच राखल्या असत्या, तर तो खोल खड्डा आज कोणासही दिसला नसता. ही घट पृथ्वीभोवतालच्या वलयप्रवाहाची, की ध्रुवाकडून विषुववृत्ताच्या दिशेने सरकलेल्या आयनांबरीय प्रवाहांची, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. दोन्ही पक्ष दाखला देतात तो मात्र त्याच आकड्यांचा.